घरच्या टेबलावरचं इलेक्ट्रॉनिक्स: पहिली खरेदी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी दुपारी माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर पाच-सहा मुलं आणि दोन निवृत्त काका सोल्डरिंग (कथिलाचा डाग देऊन भाग जोडणं) करत बसलेले असतात. त्यामुळे ‘काय घेऊ आणि कुठून घेऊ’ हे प्रश्न वर्षभर येत राहतात. विज्ञान प्रदर्शनांच्या दिवसांत तर रोजच येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. किमती अंदाजे दिल्या आहेत. त्या बदलतात, पण कशावर किती खर्च करायचा याचं प्रमाण फारसं बदलत नाही.

१. मुलगी आठवीत आहे. तिला इलेक्ट्रॉनिक्सची आवड लागली आहे. सुरुवातीला नेमकं काय घेऊ?

एक बऱ्यापैकी मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट, रोध मोजायचं साधन), २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न स्टँडसकट, चांगल्या सोल्डरच्या तारेचं छोटं रीळ, एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची पाटी) जोडवायरींसकट आणि एक साधा कटर. वीज पुरवायला घरात पडलेला ५ व्होल्टचा जुना मोबाइल चार्जर चालतो. सुटे भाग मोजकेच घ्या: पाव वॉटचे रेझिस्टर (२२० ओहम, १ के, १० के, १०० के) प्रत्येकी दहा, लाल-हिरवे एलईडी दहा-दहा, बीसी५४७ ट्रान्झिस्टर दहा, १एन४००७ डायोड पाच, १०० नॅनोफॅरॅड, १० आणि १०० मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर थोडे, दोन एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा भाग), दोन ५५५ आयसी (टायमरची चिप) आणि पाच-सहा पुश बटनं.

एवढ्या सामानात अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा होतो, टायमर होतो. बहुतेक खर्च मल्टिमीटर आणि आयर्नवर होतो आणि तो तसाच व्हायला हवा. भाग रुपया-दोन रुपयांचे असतात. ते जळतात आणि पुन्हा आणता येतात. पण मोजायचं साधन चुकीचं सांगू लागलं किंवा आयर्न नीट तापलाच नाही, तर मूल स्वतःला दोष देतं आणि महिन्याभरात सगळं माळ्यावर जातं. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

२. त्यापेक्षा ‘शंभर प्रयोगांचा’ तयार किट घेतला तर?

वय आठ-नऊ असेल तर स्प्रिंगला किंवा खटक्याच्या बटनांना वायरी जोडायचा किट चांगला. त्यात सोल्डरिंग नसतं, भाजत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पुढे मात्र सुटं सामान घ्या. सेन्सरच्या मोठ्या डब्यात तीस-चाळीस मॉड्यूल असतात आणि त्यातली चार-पाचच वापरली जातात. शिवाय बोर्ड आयता असल्यामुळे आतला ट्रान्झिस्टर काय करतो हे कळायचं राहूनच जातं. पुढच्या प्रयोगाला जे लागेल ते आणा, आणताना दोन जास्त आणा. वर्षभरात तुमचा स्वतःचा डबा तयार होईल आणि त्यातला प्रत्येक भाग तुमच्या ओळखीचा असेल.

३. मल्टिमीटर कोणता घेऊ? २५० रुपयांपासून २५ हजारांपर्यंत दिसतात.

बॅटरीवरच्या छंदासाठी ८०० ते १५०० रुपयांतला डिजिटल मीटर पुरतो. त्यात या गोष्टी पाहा: वायर सलग आहे की तुटली हे सांगणारा बीप, डायोड तपासायची सोय, कपॅसिटर मोजता आला तर उत्तम, आणि आपोआप बंद होण्याची सोय. नाहीतर विसरून चालू राहतो आणि ९ व्होल्टचा सेल आठवड्यात संपतो. पेटीवर ‘२००० काउंट’ लिहिलं असेल तर मीटर १९९९ पर्यंतचे आकडे दाखवतो. ६००० काउंटचा मीटर तीच गोष्ट जास्त बारकाईने दाखवतो. सुरुवातीला २००० चालतो.

‘ट्रू आरएमएस’साठी जादा पैसे द्यावेत का, असंही विचारतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, इन्व्हर्टर अशा ठिकाणी विजेची लाट मोडकी-तोडकी असते. साधा मीटर तिथे चुकीचा आकडा देतो. ते मोजायचं असेल तर घ्या, नुसत्या बॅटरीवरच्या सर्किटला गरज नाही.

दुकानात मीटर तपासायची माझी पद्धत सांगतो. १० के, एक टक्क्याचा एक रेझिस्टर खिशात ठेवायचा. मीटरने ९.९ ते १०.१ के यांच्या दरम्यान दाखवलं तर ठीक. मग दोन्ही प्रोब (मीटरच्या टोकदार तारा) एकमेकांना टेकवायचे. अर्ध्या ओहमच्या आत आकडा यायला हवा आणि बीप लगेच वाजायला हवा. टेकवल्यावर अर्ध्या सेकंदाने वाजणारा बीप वायरी शोधताना फार वैताग देतो. नवा दीड व्होल्टचा सेल १.५५ ते १.६ च्या आसपास दाखवतो. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, आणि जाणकार दुकानदाराला त्यात वावगं वाटत नाही.

४. २५० रुपयांच्या पिवळ्या मीटरने घरातला सॉकेट मोजला तर चालेल का?

नका मोजू. आकडा बरोबर येईल, अडचण त्याची नाही. मीटरवर ‘कॅट’ असा शिक्का असतो, त्याचा अर्थ समजून घ्या. कॅट-२ म्हणजे सॉकेटवर चालणाऱ्या उपकरणांसाठी, कॅट-३ म्हणजे घराच्या डीबीसारख्या (फ्यूज-एमसीबीची पेटी) पक्क्या वायरिंगसाठी, कॅट-४ म्हणजे विजेच्या मीटरकडे बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी. आपली वीज २३० व्होल्ट म्हणतात, पण लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. वीज कोसळली किंवा मोठी मोटर बंद झाली, तर त्याच तारेवर क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो. तो सोसून तुमच्या हातापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, हे चांगल्या मीटरचं खरं काम. त्यासाठी आत अंतरं जास्त ठेवलेली असतात आणि फ्यूज वाळू भरलेल्या सिरॅमिकचा असतो. अगदी स्वस्त मीटरमध्ये काचेचा छोटा फ्यूज असतो, आणि १० अँपिअरच्या भोकाला तर बहुधा फ्यूजच नसतो. वर छापलेला शिक्का मात्र कुठलाही असू शकतो.

सगळ्यात जास्त अपघात याच भोकामुळे होतात. कोणी आधी करंट मोजलेला असतो, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात तसाच राहिलेला असतो, आणि मग तोच मीटर सॉकेटला लावला जातो. त्या भोकाचा रोध जवळजवळ शून्य असल्यामुळे ते सरळ शॉर्ट सर्किट होतं. माझ्याकडच्या एका मुलाच्या प्रोबचं टोक असंच उडालं. भिंतीवरचे काळे ठिपके अजून आहेत. डोळ्यांना काही झालं नाही, हे नशीब. करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत, ही सवय पहिल्याच दिवशी लावा. मेन्सवर (घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर) काम करायचंच असेल तर नावाजलेल्या कंपनीचा कॅट-३, ६०० व्होल्टचा मीटर घ्या आणि आधी प्रश्न १५ वाचा.

५. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा घेऊ की टेम्परेचर कंट्रोलचा?

शिकायला २५ वॉटचा आपल्याकडचा साधा आयर्न पुरतो. सोल्ड्रॉनचा आयर्न कित्येक पिढ्यांनी वापरला आहे आणि त्याचं टोक, एलिमेंट सुटं मिळतं. ही फार मोठी सोय आहे. आठवड्यातून दोन-तीनदा काम होऊ लागलं की तापमान ठरवता येणारं स्टेशन घ्या. ३२० ते ३५० अंशांवर ठेवलं की बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उखडत नाहीत. ६० वॉटचे, मुठीतच चक्री असलेले स्वस्त आयर्नही मिळतात. त्यातल्या काहींच्या चक्रीवरच्या आकड्याचा खऱ्या तापमानाशी फारसा संबंध नसतो.

टोकाला कानस लावायची की नाही, यावर लोक भांडतात. दोघांचंही बरोबर असतं, कारण टोकं दोन प्रकारची असतात. नुसत्या तांब्याचं टोक झिजून खड्डा पडला की कानस लावून नीट करता येतं. लोखंडाचा मुलामा असलेल्या टोकाला कानस लावली की मुलामा गेला आणि टोक संपलं. त्याला ओला स्पंज किंवा पितळी काथ्या. काम संपल्यावर टोकावर सोल्डरचा थर ठेवूनच आयर्न बंद करायचा.

६. सोल्डर कोणतं? शिसं विषारी असतं ना?

‘६०/४०’ म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. ‘६३/३७’ त्याहून सोपं. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदमच घट्ट होतं, त्यामुळे सांधा हलून ड्राय सोल्डर (वरून जुळलेला दिसणारा, आतून सैल सांधा) होण्याची भीती कमी. आपल्या बाजारात तारेची जाडी एसडब्ल्यूजी या मापात सांगतात; नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. छोट्या बोर्डासाठी २२ नंबर मागा, ती साधारण ०.७ मिलिमीटर भरते. १८ नंबरची तार वायरी जोडायला ठीक, बोर्डावर ढिगारा होतो. सुटी, बिननावाची स्वस्त तार घेऊ नका. त्यात कथील कमी असतं, ती उशिरा वितळते आणि सांधा राखाडी पडतो. नव्या माणसाचे निम्मे खराब सांधे हाताने नाही, तारेने बिघडलेले असतात.

शिसं विषारी आहेच. पण आयर्नच्या तापमानाला त्याची वाफ होत नाही. नाकात जातो तो तारेच्या पोटातल्या राळेचा धूर. त्याने खोकला येतो, दमा असेल तर त्रास वाढतो, म्हणून खिडकीपाशी बसा आणि छोटा पंखा धूर बाजूला नेईल असा ठेवा. शिसं पोटात जातं ते हातांवाटे. काम झालं की साबणाने हात धुवायचे आणि टेबलावर खाणंपिणं बंद. माझ्या घरी टेबलावर जुना लॅमिनेटचा तुकडा टाकतो, काम झाल्यावर तो पुसून उभा करून ठेवतो, आणि मगच तिथे जेवणाची ताटं येतात. घरात रांगतं मूल असेल तर शिसं नसलेलं सोल्डर घ्या. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, सांधा कमी चमकतो, सराव थोडा जास्त लागतो. पण फरशीवर पडलेला थेंब बाळाच्या तोंडात जाऊ शकतो, त्यापुढे हा त्रास काहीच नाही.

७. लॅमिंग्टन रोडला जाऊ की ऑनलाइन मागवू?

पहिल्यांदा प्रत्यक्ष जा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग), पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. नोकरीनिमित्त बाहेर असाल तर बेंगळुरूला एसपी रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट, दिल्लीला लजपत राय मार्केट. कपॅसिटर हातात घेतल्यावर त्याचा आकार कळतो, ट्रान्सफॉर्मरचं वजन कळतं. दुकानदार ‘हा नाही मिळत आता, त्याच्या जागी हा लावा’ म्हणतो तेव्हा जे शिकायला मिळतं ते पडद्यावर मिळत नाही. एक जण फक्त कनेक्टर विकतो, दुसरा फक्त ट्रान्सफॉर्मर. ही वाटणी एकदा कळली की पुढच्या वेळी अर्धा दिवस वाचतो.

जाताना यादी कागदावर, भागाच्या पूर्ण नंबरासकट न्या. जुना भाग असेल तर तोच न्या. ‘मोठा काळा आयसी’ असं सांगितलं तर कोणीही मदत करू शकत नाही. सकाळी अकराच्या आधी आणि रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. काही दुकानं दहाच्या खाली रेझिस्टर देत नाहीत. त्यात चूक नाही, मोजायचा वेळच त्या किमतीपेक्षा महाग असतो.

मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम टाकता येणारी छोटी पाटी), सेन्सर, मॉड्यूल यांसाठी ऑनलाइन सोयीचं. तिथे छंदवाल्यांसाठीच सामान ठेवणारी भारतीय दुकानं निवडा. सगळं काही विकणाऱ्या मोठ्या बाजारपेठेत तोच बोर्ड दुप्पट किमतीलाही दिसतो. सांगली-लातूर-गडचिरोलीकडच्या वाचकांना माझा सल्ला: तिघा-चौघांनी मिळून एकच ऑर्डर करा. पंधरा रुपयांच्या आयसीवर ऐंशी रुपये टपाल जातं, ते वाटून घेता येतं.

८. दुकानदार ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणतो. म्हणजे काय?

म्हणजे काउंटरवर चालवून बघा. चाललं तर घेऊन जा, घरी गेल्यावर काही झालं तर आम्ही नाही. सुट्या भागांना हे रास्त आहे, कारण आयसी उलटा लावून जाळणारे आपणच असतो. मीटर, स्टेशन, पॉवर सप्लाय यांना मात्र बिल आणि लेखी वॉरंटी मागा. वस्तू मुळात सदोष असेल, तर बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापून दुकानदार सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत सदोष वस्तू परत घेऊन पैसे देणं नाकारणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण या सगळ्याला बिल लागतं. ‘बिल नको तर पन्नास कमी’ यात पडू नका.

९. अर्ड्युइनो उनो ४०० रुपयांतही आहे आणि अडीच हजारांतही. स्वस्त तो नकली का?

नकली आणि क्लोन यांत फरक आहे. अर्ड्युइनो ही कंपनी, उनो हा तिचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. तिने उनोचं डिझाइन खुलं ठेवलं आहे. ते वापरून कोणीही, आपल्या नावाने, तसाच बोर्ड बनवू शकतो. तो क्लोन, आणि त्यात बेकायदा काही नाही. ज्यावर अर्ड्युइनोचं चिन्ह चोरून छापलं आहे तो नकली. पहिला घ्या, दुसरा घेऊ नका.

क्लोनमध्ये यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिप असते. संगणकाला बोर्ड ‘दिसत नाही’ अशी तक्रार आली की दोनच कारणं निघतात: सीएच३४० चा ड्रायव्हर टाकलेला नाही, किंवा केबल फक्त चार्जिंगची आहे. शिकाऊ माणसाने मोठा, लांबट, खाचेत बसवलेला एटीमेगा३२८पी असलेला बोर्ड निवडावा. चिप जळली तर उपसून नवी बसवता येते. चपटी, सोल्डर केलेली चिप जळली तर बोर्ड गेला. ज्यांना परवडतं त्यांनी आयुष्यात एखादा अस्सल बोर्ड जरूर घ्यावा. ज्यांनी डिझाइन आणि सॉफ्टवेअर फुकट दिलं, त्यांच्यापर्यंत काही पोहोचायला हवं.

१०. उनो, ईएसपी३२ की रास्पबेरी पाय?

बटन, दिवे, मोटर, सेन्सर शिकायचे तर उनो. ५ व्होल्टवर चालतो, चुका सहन करतो. मोबाइलवरून पाण्याच्या टाकीची पातळी बघायची, बाल्कनीतल्या झाडांना पाणी सोडायचं, तर ईएसपी३२, कारण वायफाय आणि ब्लूटूथ त्यातच आहे आणि किंमत उनोच्या क्लोनइतकीच. रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक आहे. कॅमेरा, पडदा, लिनक्स लागत असेल तरच घ्या. नुसता एलईडी लुकलुकवायला नको. नावामुळे गोंधळ होतो: ‘पाय पिको’ हा उनोच्या जातीचा छोटा बोर्ड आहे, संगणक नाही.

उनोवरून ईएसपी३२ वर जाताना एक खड्डा आहे. ईएसपी३२ चे पाय (म्हणजे पिना) ३.३ व्होल्टचे असतात. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टचा सिग्नल परत पाठवतो. तो सरळ जोडला तर काही दिवस चालतो आणि एके दिवशी पाय मरतो. मध्ये १ के आणि २ के रेझिस्टरची जोडी लावली की ५ चे ३.३ होतात. एका रुपयाचं काम आहे.

११. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर माझी गाडी चालत का नाही? मोटर तर नवी आहे.

बॅटरी बदलायला हवी, मोटर नाही. त्या चौकोनी डबीत सहा अगदी बारीक सेल असतात. त्यातून मीटरला किंवा स्मोक अलार्मला पुरेल एवढाच करंट येतो. खेळण्यातली मोटर सुरू होताना अर्धा-एक अँपिअर मागते, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. चार किंवा सहा एए सेलची पेटी घ्या. मोटरला वीज बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पायातूनही देऊ नका. मोटरची वेगळी, बोर्डाची वेगळी, आणि दोघांचं ग्राउंड (वजा जोड) मात्र एक.

याच जातीचा दुसरा प्रश्न: ‘७८०५ (५ व्होल्ट काढून देणारा आयसी) एवढा का तापतो?’ १२ व्होल्ट देऊन ५ काढले आणि अर्धा अँपिअर ओढला, तर उरलेले ७ गुणिले ०.५ म्हणजे साडेतीन वॉट त्या चिमुकल्या आयसीत उष्णता होतात. हीटसिंक (उष्णता घालवणारा धातूचा तुकडा) लावा, नाहीतर बक कन्व्हर्टरचं (फारसं न तापता व्होल्टेज उतरवणारं) छोटं मॉड्यूल घ्या.

१२. १८६५० लिथियम सेल ९९०० एमएएच, शंभर रुपयांत. घेऊ का?

अजिबात नाही. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब सेलमध्ये बाजारातल्या चांगल्या कंपन्याही ३५०० एमएएचच्या आसपासच बसवतात. ९९०० हा आकडा फक्त वेष्टनावर असतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या: अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, ३० ग्रॅमचा निघाला तर आत काय आहे ते विचारू नका.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सेल चालतात का? अनुभवी माणसाला चालतात. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला, गंजलेला, चेपलेला सेल वाचवू नका. चार्जिंगला टीपी४०५६ मॉड्यूल घेताना संरक्षणाचं सर्किट असलेलं, म्हणजे सहा जोड असलेलं घ्या. चार जोडांच्या मॉड्यूलमध्ये सेल पार निपचित होईपर्यंत रिकामा होऊ शकतो. आणि लिथियमचा सेल रात्री झोपताना, अंथरुणाजवळ, लाकडी टेबलावर चार्जिंगला लावू नका. मुलांना मी हे दर शनिवारी सांगतो.

१३. ऑसिलोस्कोप आणि बेंच पॉवर सप्लाय कधी घ्यावा?

पॉवर सप्लाय लवकर, ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) उशिरा. ० ते ३० व्होल्टचा, करंटची मर्यादा ठरवता येणारा सप्लाय चार-पाच हजारांपासून मिळतो. ५० मिलिअँपिअरची मर्यादा लावून नवं सर्किट सुरू केलं की उलट जोडलेला आयसी जळण्याआधी कळतं.

स्कोप घ्यायची वेळ आली की नाही, हे एका गोष्टीवरून ठरवा: ‘व्होल्टेज तर बरोबर आहे, मग चालत का नाही?’ हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा पडू लागला का? पडत असेल तर घ्या. ५० ते १०० मेगाहर्ट्‌झचा, दोन चॅनलचा पुरतो. बोर्ड एकमेकांशी काय बोलतात एवढंच बघायचं असेल तर आठ चॅनलचा यूएसबी लॉजिक अ‍ॅनलायझर हजाराच्या आत येतो. डीएसओ१३८ या छोट्या स्कोपचा किट जोडायला मजा येते, पण तो २०० किलोहर्ट्‌झपर्यंतचाच. ऑडिओला ठीक.

स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ती मेन्सवरच्या उघड्या सर्किटला लावली तर धडाका होतो. स्कोपचं अर्थिंग तोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे, कितीही व्हिडिओंत दाखवला तरी.

१४. भंगारातून किंवा जुन्या बाजारातून काय घ्यावं?

घ्या: ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, स्पीकर, जुने अ‍ॅडॉप्टर, प्रिंटरमधल्या मोटरी आणि दांडे, चांगल्या धातूच्या पेट्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हे सगळं मिळतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुने घेऊ नका, ते वाळतात. बोर्डावरचे आयसी उपसण्यात शिकायला मिळतं, पण पैसे फारसे वाचत नाहीत.

दोन वस्तू मात्र उघडूच नका. एक, जुना डब्बा टीव्ही. पिक्चर ट्यूब बंद केल्यावरही भारित राहू शकते. दुसरी, मायक्रोवेव्ह ओव्हन. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारण दोन हजार व्होल्ट येतात आणि माणूस जागीच मारण्याइतका करंट येतो. लाकडावर विजेची नक्षी जाळायचे जे व्हिडिओ फिरतात ते याच ट्रान्सफॉर्मरवर केलेले असतात, आणि ते करताना जगभर माणसं मेली आहेत. यात काळजी घेऊन करण्यासारखं काही नाही.

१५. रिले (बोर्डाने चालू-बंद करता येणारं स्विच) लावून घरातले दिवे मोबाइलवर आणायचे आहेत. कोणता रिले घेऊ?

आधी सहा महिने १२ व्होल्टच्या दिव्यांवर करा. त्यानंतरही करायचं असेल तर उघडं रिले मॉड्यूल टेबलावर मांडू नका, बंद प्लास्टिकच्या पेटीत बसवा. मॉड्यूलवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी पंखा, दिवा यापुढे जाऊ नका. गीझर, पंप, एसी यांना तो रिले नाही. भिंतीतल्या स्विचबोर्डाच्या जोडण्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं स्विच) नसेल तर सगळ्यात आधी तो बसवा.

दुरुस्तीच्या टेबलावर सिरीज बोर्ड करून ठेवा: फेजच्या वाटेत ६० किंवा १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी चालणार नाही. उपकरणात शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि फ्यूज उडत नाही. एक गैरसमज मात्र काढून टाका: सिरीज बल्ब उपकरण वाचवतो, तुम्हाला शॉकपासून वाचवत नाही.

१६. अमेरिकेतला मामा सोल्डरिंग स्टेशन आणतोय. इथे चालेल?

आणण्याआधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. ‘१००–२४०’ असं लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. ‘१२०’ एवढंच लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर ते पहिल्या मिनिटात जळेल. तिथली बहुतेक जुन्या पद्धतीची स्टेशन्स अशीच असतात. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण तो स्टेशनपेक्षा जड असतो. मामाला टोकं, चांगला कटर, चिमटे, सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी आणायला सांगा. लहान असतात आणि आयुष्यभर पुरतात. सुटे लिथियम सेल सांगितलेच असतील तर ते चेक-इन बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत.

१७. वायरलेस मॉड्यूल आणि वॉकीटॉकी घेताना परवाना लागतो का?

वायफाय, ब्लूटूथच्या बोर्डांना वापरणाऱ्याला परवाना लागत नाही. लांब पल्ल्याच्या लोरा मॉड्यूलसाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा आहे. परदेशी व्हिडिओंत ९१५ किंवा ८६८ च्या थोडं वरचं दिसतं, ते तसंच उचलू नका. प्रोग्रॅममध्ये वारंवारता आपल्या पट्ट्यात आणा. शेतावरच्या पंपासाठी हे मॉड्यूल घेणारे बरेच वाचक आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. वॉकीटॉकी मात्र ऑनलाइन दिसली म्हणून घेऊ नका. बरीच मॉडेलं परवान्याच्या पट्ट्यावर बोलतात. हॅम (हौशी) रेडिओची आवड असेल तर दूरसंचार विभागाची परीक्षा द्या आणि परवाना आल्यावरच सेट घ्या.

१८. नवं मॉड्यूल चालत नाही. सदोष आहे की माझी चूक, कसं ओळखू? परत पाठवू का?

परत पाठवण्याआधी हे बघा. मॉड्यूलच्या पायांवर, वायरीच्या टोकावर नाही, व्होल्टेज मोजा. जोडवायर बदला. स्वस्त जोडवायरींत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असतं आणि टोक आतून निसटतं (लोहचुंबक चिकटला तर समजा). ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांत मध्येच तुटलेल्या असतात, त्या बीप लावून तपासा. ग्राउंड एकत्र जोडलंय का बघा. मॉड्यूलला पिना स्वतः सोल्डर करायच्या असतील तर नुसत्या अडकवून चालत नाही. मला आलेल्या ‘खराब’ मॉड्यूलपैकी बहुतेकांत हेच कारण निघालं.

एवढ्यानंतरही चाललं नाही तर पेटी उघडतानाच्या व्हिडिओसकट कळवा. पिना सोल्डर केल्या की बरीच दुकानं परत घेत नाहीत. म्हणून दोन सारखी मॉड्यूल मागवली असतील तर आधी एकावरच पिना बसवा.